साक्ष मंडळाचं बोलावणं

कोल्हापूर, ९ सप्टेंबर १९९७

आक्का,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही पाठवते. कुठला ठेवून घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

तुम्ही चंदगडला राहायला गेलात हे मला बाररूमच्या चहावाल्याकडून कळलं. बारा वर्षं तुमच्या हाताखाली काढली, तुमच्या टेबलाच्या उजव्या हाताला माझी खुर्ची, आणि तुम्ही गाव सोडल्याची बातमी मला चहावाला देतो! "सरनोबतबाई गेल्या की वो भाच्याकडं, काजूच्या बागंत. तुमास्नी म्हाईत न्हाई?" मी म्हटलं, माहीत आहे. खोटं बोलले. एवढं वकिलाला चालतं.

बाररूममध्ये सगळ्यांना कारण ठाऊक आहे, मला सोडून. त्यांच्या मते कारण मुरगूडचा खटला. सरकारनं तुम्हाला खास सरकारी वकील नेमलं, आरोपीतर्फे मी उभी राहिले, आणि आरोपी निर्दोष सुटला. आपल्याच शागिर्दानं हरवलं म्हणून आक्काताई सरनोबत तिच्याशी बोलत नाहीत, झालं. मला हे पटत नाही. निकालादिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या पाठीत थाप मारून तुम्हीच म्हणाला होता, "पंचाला चांगला सोललास की गं! मीच शिकीवलं आन् मलाच नडलं." आणि खो खो हसला होता. त्यानंतरही आपण रोज बोलत होतो, भांडत होतो. अबोला सुरू झाला जुलैत. मी सकाळी तुमच्याकडे आले, तुम्ही दारातच उभ्या. "मेहमुदा, हितनं फुडं घरला येऊ नगंस. फोन बी करू नगंस." आणि दार लावलंत. जुलैत मी काय गुन्हा केला, ते अजून शोधते आहे. आरोपपत्र न देताच शिक्षा झालेली मी कोल्हापुरातली एकमेव बाई असेन.

तरी लिहिते आहे, कारण आभार मानायचे राहून गेले, आणि ते मानल्याशिवाय मला तुमच्यावर नीट रागावता येत नाही.

मी सनद घेतली तेव्हा आमच्या नात्यात कुणाला पटलं नव्हतं. पोरगी काळा कोट घालून खुन्यांच्या शेजारी उभी राहणार म्हणजे काय! तुम्ही एकट्याच गंगावेशीत अब्बांच्या सायकल दुकानात गेलात, पंक्चरच्या पाटीशेजारच्या स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "गौसभाई, पोरगी माझ्याकडं द्या. तिला वकील मी करतो. लगीन तुमी करा, त्यातलं मला कळत न्हाई." अब्बा हे सगळ्यांना सांगतात. दुकानात हवा भरायला आलेल्या माणसालाही सांगतात. लग्नाचं त्यांना जमलं नाही, तुमचं काम तुम्ही केलंत. त्याबद्दल आभार.

आणखी एक. याला प्रश्न समजू नका. जुलैत मला वकिलीची पंधरा वर्षं पूर्ण झाली. बाररूममधली माणसं मला निवडक वकिलांच्या त्या साक्ष मंडळावरून चिडवायला लागली आहेत. मंडळाबद्दल बाहेरच्या आम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं असं: पंधरा वर्षं खटले चालवलेले असावेत, अर्ज करायचा नाही, कुणाकडून शब्द टाकायचा नाही. मंडळातलंच कुणीतरी नाव सुचवतं. मग ज्यांच्या विरुद्ध आपण उभे राहिलो त्या वकिलांना मंडळ जाऊन विचारतं, की हा माणूस कसा आहे. आणि ज्यानं स्वतःबद्दल नुसतं विचारलं, त्याचं नाव कायमचं बाद. मंडळात तुमचा शब्द चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी विचारत नाही. मला तुमच्याकडून मंडळ नको आहे. एक पोस्टकार्ड हवं आहे.

मेहमुदा

*

कोल्हापूर, १७ फेब्रुवारी १९९९

आक्का,

ईदला पत्र टाकलं, उत्तर नाही. दिवाळीला टाकलं, उत्तर नाही. तुमच्या भाच्याला, बाळासोंना, फोन केला तर त्यांची बायको रूपाली म्हणाली, "आत्ती बऱ्या हायत. पत्रं मिळत्यात." पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. बोलण्याच्या बाबतीत तुमचं घरच सगळं एका वळणाचं झालं आहे.

मग मी ठरवलं, की तुम्हाला कामाचं लिहायचं. कामाचं बोलणं तुम्ही कधी टाळत नव्हता.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझरचा खून झाला. माझा आरोपी तिथला मोल्डर. फिर्यादीचा मुख्य साक्षीदार सांगतो, की भट्टीपलीकडून मी आरोपीची धमकी कानांनी ऐकली. कागदावर साक्ष बिनतोड. तुमची सवय आठवली: "कागुद वाचून उलटतपास करू नगंस. जागंवर जा. साक्षीदार जितं हुबा हुता तितं हुबी ऱ्हा." गेले. भट्टी चालू असताना त्या जागी उभी राहिले आणि मालकाच्या माणसाला पलीकडून माझं नाव घेऊन ओरडायला सांगितलं. तोंड हललेलं दिसलं, शब्द एकही आला नाही. मग कोर्टात साक्षीदाराला मी हळूहळू त्या भट्टीजवळ नेलं. भट्टी पेटलेली होती ना? पंखा चालू होता ना? शेजारच्या माणसाशी तुम्ही कसं बोलता? तो म्हणाला, "खुणंनं." मी खाली बसले. त्यापुढे एकही प्रश्न विचारला नाही. ते बसणंही तुमचंच.

निकाल येत्या बुधवारी, २४ तारखेला आहे. तुम्हाला तारीख कळावी एवढ्यासाठीच लिहिते आहे. सुटेल असं मला वाटतं.

मेहमुदा

*

कोल्हापूर, २५ फेब्रुवारी १९९९

आक्का,

सुटला! कोर्टात मुंगी शिरायला जागा नव्हती. फौंड्रीतली सगळी पाळी आली होती, मयताच्या गावची माणसं, लुगड्यातल्या म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. न्यायाधीशांनी "निर्दोष" म्हटल्यावर एवढा गलका झाला, की पट्टेवाल्याला काठी आपटावी लागली.

मला तेव्हा तुमची आठवण आली. दुसरं काही नाही. आता तरी लिहाल ना, "बरं केलंस" म्हणून? दोनच शब्द आहेत. रूपालीला सांगा, ती लिहील.

तुमच्या शिकवणीचे उपकार मानणारी, आणि तुमच्यावर फार चिडलेली,

मेहमुदा

*

कोल्हापूर, ६ ऑक्टोबर २००२

आक्का,

अब्बा गेले. मागच्या रविवारी, दुपारी, जेवण झाल्यावर. छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं.

मी तुमच्याकडे निरोप धाडला होता. बाळासोंनी तो तुम्हाला दिला, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. मयतीला अर्धी बाररूम होती. कृष्णात वकील होते, ज्यांच्याशी माझं कोर्टात कधीच पटत नाही. ते उन्हात अनवाणी चालले. तिसऱ्या दिवशी कबरीवर फुलं घातली; जियारतीला घरीही माणसं येत राहिली. अम्मी दाराकडे बघत होती. मी तिला विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हणाली, "कुणाची न्हाई."

तुम्ही आला नाहीत.

गेल्या पाच वर्षांत मी तुम्हाला किती खटले कळवले! सगळे जिंकलेले. मला वाटायचं, एखाद्या दिवशी एवढा मोठा जिंकेन, की तुम्हाला बोलावंच लागेल. आता ते वाटत नाही. आभार मानण्याची मला सवय आहे म्हणून एकदाच मानते: अब्बा तुम्हाला फार मानायचे. त्यांनी तुमच्याबद्दल शेवटपर्यंत वाईट शब्द ऐकून घेतला नाही. मी बोलायला लागले की म्हणायचे, "बाईच्या मनात कायतरी आसंल."

मला आता त्यावर विचार करायचा नाही.

मेहमुदा

*

कोल्हापूर, १० मार्च २००५

आक्का,

अडीच वर्षांनी लिहिते आहे. राग संपला असं समजू नका. पण माणसाचं वय झालं की राग घेऊन बसायला वेळ मिळत नाही.

कामाचंच लिहिते. जोतीराम म्हणून एक ट्रॅक्टरवाला आहे, ऊस ओढतो. उसाच्या फडात भांडण झालं आणि दुसरा ट्रॅक्टरवाला मेला. तिथे आणखी चौघं होते. घाव याचाच, हे सांगणारा राखणदार एकटाच. समोर सरकारतर्फे कृष्णात वकील. राखणदार उलटतपासात चांगलाच डगमगला. माझ्या मते केस आपली आहे. निकाल १५ तारखेला, मंगळवारी.

जोतीरामची आई रोज दारात भेटते. "बाई, सुटंल न्हवं?" मी म्हणते, बघू. "बघू" पलीकडे जायचं नाही, हेही तुमचंच. त्याबद्दल आभारी आहे, कारण हल्ली आमच्यातले पुष्कळ वकील निकालाआधीच फुलांचे हार मागवतात.

मेहमुदा

*

कोल्हापूर, १७ मार्च २००५

आक्का,

हरले.

जन्मठेप. राखणदार डगमगला तरी मूळ गोष्टीवर ठाम राहिला, असं न्यायाधीशांनी लिहिलं आहे. निकाल दोनदा वाचला. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. मी त्याच्या घाबरण्याला खोटेपणा समजले. तो कोर्टाला घाबरत होता, खोटं बोलत नव्हता.

शिक्षा वाचून झाल्यावर रिवाज काय आहे तुम्हाला ठाऊकच आहे. हरलेला वकील ज्युनिअरच्या हातात फाइल देतो आणि मागच्या जिन्यानं उतरतो. माझी ज्युनिअर सोनम जिन्याकडे चालू लागली सुद्धा. माझे पाय मात्र तिकडे वळेनात. मी न्यायाधीशांना विनंती केली, की कळंब्याच्या तुरुंगात नेण्याआधी आरोपीला आईशी थोडं बोलू द्यावं. त्यांनी दिलं. आई आली ती थेट माझ्यावर. "तुमी म्हणला हुतासा सुटंल!" मी असं कधीच म्हटलं नव्हतं. पण तेवढ्या माणसांत त्या बाईला खोटं पाडून मला काय मिळणार होतं? मी म्हटलं, "आई, अपील करता येतं. कसं करायचं ते मी सांगते." तिनं माझा पदर धरला आणि शिव्या दिल्या. धरू दिला. तिचा आवाज बसल्यावर तिला बाकावर बसवून समजावून सांगितलं. तिला कळलं की नाही, देव जाणे. मयताचा भाऊ व्हरांड्यात उभा होता, त्याला आधी जाऊ दिलं. कृष्णातरावांना हात दिला. म्हटलं, "राखणदाराला चांगला सांभाळलात." ते काहीतरी बोलणार होते, पण माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघून गप्प झाले. बहुधा त्यांनाही बरं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी एका जामीन अर्जाचं काम होतं. मन नव्हतं, तरी गेले. कोट चढवताना वाटलं, तुम्ही मुरगूडचा खटला हरलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीही असाच चढवला असेल. मी तेव्हा जिंकल्याच्या नादात होते, विचारलंही नाही.

हे सगळं तुम्हाला का लिहिते आहे? जिंकलेलं तर कुणालाही सांगता येतं. हरल्याचं सांगायला मला अजूनही दुसरं माणूस सापडलेलं नाही. उत्तर नाही आलं तरी चालेल.

मेहमुदा

*

कोल्हापूर, २९ जानेवारी २००६

आक्का,

काल साक्ष मंडळाचं बोलावणं आलं. कृष्णात वकील स्वतः घरी आले, पेढे घेऊन. अम्मीच्या पाया पडले. मग मला म्हणाले, "आता तुम्ही आमच्यातल्या. म्हणून आता सांगायला हरकत न्हाई. बसा." आणि त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी रात्रभर तुम्हाला मनातल्या मनात आधी शिव्या दिल्या, मग आभार मानले, मग पुन्हा शिव्या दिल्या.

मंडळाच्या अटींतल्या दोन बाहेर कुणालाच ठाऊक नसतात म्हणे. पहिली: नाव सुचवणाऱ्यानं, नाव दिल्यावर, त्या वकिलाला मोठा खटला हरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. "जिंकल्यावर कोण बी देवमाणूस आसतोय वो मॅडम," कृष्णातराव म्हणाले. "हरल्यावर त्यो पक्षकाराशी कसा बोलतोय, समोरच्याशी कसा बोलतोय, दुसऱ्या दिवशी कोर्टात येतोय का, ते बघायचं." दुसरी: नाव सुचवलं की त्या दिवसापासून निर्णय होईपर्यंत सुचवणाऱ्यानं त्या वकिलाशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, लिहायचं नाही. शिफारस मायेपोटी केली असं कुणी म्हणू नये म्हणून.

जुलै सत्त्याण्णव. मला पंधरा वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव दिलंत. आणि घरी येऊन दार लावलंत.

आक्का, मी जिंकत होते म्हणून तुम्ही गप्प होता! मी प्रत्येक खटला जिंकून तुम्हाला कळवायची, की आता बोला. आणि प्रत्येक जिंकलेल्या खटल्यानं तुमचं तोंड आणखी वर्षभर बंद व्हायचं. आणि सगळ्यात मोठी गंमत ऐका. मधे, दोन हजार साली, मी गडहिंग्लजला एक खटला हरले होते. तो हरणार हे मला आधीच दिसत होतं, म्हणून त्याची तारीख मी तुम्हाला कळवली नाही. ज्या निकालाची मला खात्री वाटायची, त्याचीच तारीख मी लिहायची. तुमच्यापुढे फुशारकी मारायची होती ना! ती तारीख लिहिली असती तर अबोला तिथेच संपत आला असता.

कारण तुम्ही येत होता, हेही त्यांनी सांगितलं. पत्र आलं की तुम्ही रूपालीला म्हणायचा, "खुशाल हाय का, आन् तारीख काय लिवलीय, एवढंच सांग. बाकीचं वाचू नगंस मला." आणि त्या तारखेला चंदगडहून पहिली एसटी पकडून, साध्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन, मागे मयताच्या नाहीतर आरोपीच्या बायकांत बसायचा. मी न्यायाधीशांकडे तोंड करून उभी, माझ्या पाठीमागे तुम्ही. शिरोलीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही तिथे होता. "निर्दोष" ऐकून सगळे ओरडले आणि तुम्ही कृष्णातरावांच्या कानात म्हणालात, "मेली जितली पुन्हा," आणि परतीच्या गाडीला गेलात. जोतीरामला शिक्षा झाली तेव्हाही होता. कृष्णातराव माझ्या खांद्यावरून तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मी कोर्टात येते की नाही ते बघितलंत, आणि मगच चंदगडला गेलात. मग दहा महिने मंडळ माझ्या विरोधी वकिलांकडे चौकशी करत फिरलं, आणि तुम्ही तेवढेही दिवस गप्प राहिलात.

सत्तरी उलटलेल्या बाईनं कुणासाठी एवढं करावं असं मी काय केलं होतं?

आता दुसरं. हेही बोललंच पाहिजे, नाहीतर वरचे आभार खोटे ठरतील. अब्बा गेले त्या दिवशी मला मंडळ नको होतं. तुम्ही हव्या होता. कृष्णातराव म्हणाले, नाव मागे घेतलं असतं तर आक्का त्याच दिवशी तुमच्या दारात उभ्या राहू शकल्या असत्या. पण एकदा मागे घेतलेलं नाव पुन्हा देता येत नाही. म्हणजे तुम्हाला त्या दिवशी निवडायचं होतं, आणि तुम्ही निवडलंत. तुम्ही काय निवडलंत ते मला कळलं. मला विचारलं असतं तर मी दुसरं निवडलं असतं.

आता बोलायला हरकत नाही ना? मग बोला.

मेहमुदा

*

कोल्हापूर, १२ फेब्रुवारी २००६

आक्का,

परवापर्यंत आपण समोरासमोर एवढं बोललो, की पत्राची गरज उरलेली नाही. तरी लिहिते. काही गोष्टी तुमच्या तोंडावर बोलायला लागले की तुम्ही "बास झालं" म्हणता.

आधी मंडळाच्या जेवणाबद्दल. नव्या सभासदाची ओळख सुचवणाऱ्यानं करून द्यायची असते. मला वाटलं, तुम्ही माझे गाजलेले खटले सांगाल. मी नवी साडी नेसून, मान खाली घालून तयार बसले होते. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "पोरगी हरली. मी बघिटलं. दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात हुबी हुती." आणि खाली बसलात. सगळे उभे राहिले. चोवीस वर्षांच्या वकिलीत माझी एवढी मोठी तारीफ कुणी केली नव्हती.

मग तुम्ही माझ्या शेजारी बसून, तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करता कुस्करता, मागच्या बाकावरून दिसलेल्या माझ्या साऱ्या चुका सांगितल्यात. हात फार हलवते. "माननीय" हा शब्द फार वापरते. न्यायाधीश लिहीत असताना बोलत राहते. मी सगळं मान्य करत गेले. नऊ वर्षांची उपाशी होते ना. त्या रात्री तुम्ही मला गाढव म्हटलं असतंत तरी मी आणखी वाढा म्हटलं असतं.

आता ठरावाबद्दल. नव्या सभासदाला पहिल्याच बैठकीत एक सूचना मांडता येते आणि ती तिथल्या तिथे मताला टाकावी लागते, ही रीत मला कृष्णातरावांनी आधी सांगून ठेवली होती. मी काय मांडणार हे तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सूचना अशी: नाव सुचवणारा आणि ज्याचं नाव आहे तो, दोघांपैकी कुणाच्याही घरी मयत झाली तर अबोल्याचा नियम लागू राहणार नाही, आणि त्यामुळे नाव बाद होणार नाही. एवढंच. गणपतराव वकील लगेच उठले. "आज मयत. उद्या लग्नाला सवलत मागशीला, परवा बारशाला. मग आट ऱ्हायली कुठं?" त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. वर ते असंही म्हणाले, की हा नियम ज्या आक्कांनी स्वतः आग्रहानं घालून घेतला, ज्यांनी तो नऊ वर्षं पाळून दाखवला, त्यांच्यासमोर तो मोडायचा म्हणजे त्यांचा अपमान आहे. मला हे ठाऊक नव्हतं. नियम तुमचाच होता! वाटलं, पहिल्याच दिवशी मी तुम्हाला भर सभेत दुखावलं.

तुम्ही हात वर केलात. सगळ्यांत आधी. आणि म्हणालात, "आट मीच घाटली. घालताना मला ह्ये सुचलं न्हाई. म्या चंदगडच्या स्टँडवर दिसभर बसलो, गौसभाई गेले तवा. तीन गाड्या सोडल्या आन् घरला गेलो. तसं दुसऱ्या कुणाला बसाय लागू ने." गणपतरावांनीही मग हात वर केला.

तुमच्यावरचा माझा उरलासुरला राग तिथे संपला. आता तो शोधायला गेले तरी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण तुमच्या बाजूनं; माझ्या बाजूनं कसं दिसलं ते सांगते. मी घाबरले होते. अम्मी तुमच्यावर माझ्यापेक्षा जास्त चिडलेली होती, फक्त बोलत नव्हती. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहिलात. अम्मी म्हणाली, "आलासा व्हय? बसा की." तुम्ही खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसलात, मयतीच्या घरी बसतात तशा. माझ्या लक्षात आलं नाही, अम्मीच्या आलं. तीही खाली येऊन बसली आणि तिनं अगदी पहिल्यापासून सुरू केलं: रविवार हुता, मटण केलं हुतं, त्येंनी एकच भाकरी खाल्ली. जियारतीला आलेल्या माणसाला सांगतात तशी सगळी हकीकत. साडेतीन वर्षांत ती हे बोलली नव्हती, माझ्याजवळसुद्धा नाही. आणि तुम्ही विचारत गेलात, जसं विचारायचं असतं. "मग? मग रिक्षा कुणी आणली? शेवटाला काय बोलले?"

अम्मी म्हणाली, "सरनोबतबाईस्नी कळवा म्हणले."

मला हे ठाऊक होतं. तेव्हाच्या पत्रात मी ते लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर रूपालीनं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय ठेवलं नसतं, आणि तुम्ही सगळं सोडून आला असतात. मी ओढून आणल्यासारखं झालं असतं. मला तुम्ही स्वतःहून यायला हव्या होता. तुम्ही तोंडाला पदर लावलात आणि अम्मीनं तुमचा हात धरला. दोघी रडलात. मी आत जाऊन चहा टाकला, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

तुमची एसटी गेल्यावर मी परत आले. अम्मी सतरंजी झटकून घडी घालत होती. मला वाटलं, काहीतरी तक्रार करेल, की चहा अर्धाच प्यायल्या, की गाडी एवढ्या लवकर कशाला पकडायची. तिनं घडी कपाटात ठेवली, दार लावलं आणि म्हणाली, "तुज्या अब्बांची जियारत झाली आता."

तुमची,
मेहमुदा